धाकट्या जॅक्सनचा 'कंट्रोल'

जॅक्सन हे आडनाव काढलं की आपल्याकडे गाडी थेट १ नोव्हेंबर १९९६ वर जाते. अंधेरीचं क्रीडासंकुल, मायकल जॅक्सन, आणि "आम्ही तिकडे होतो" असं सांगणाऱ्यांची संख्या. (ती दरवर्षी वाढते आहे. सगळे खरं बोलत असतील तर त्या मैदानात अर्धी मुंबई मावली असली पाहिजे.) माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण घरात मामाच्या कृपेने मायकलच्या कॅसेट होत्या, त्यामुळे मूनवॉक मला पाढ्यांच्या आधी माहीत होता. जॅनेट मात्र घरात कुणालाच माहीत नव्हती. मामाला विचारलं तर म्हणाला, "हो, त्याची बहीण पण गायची म्हणे."

तर मंडळी, आज या 'पण गायची' बद्दल. तिचा १९८६ सालचा 'कंट्रोल' हा अल्बम गेले दोन आठवडे हेडफोनवर चालू आहे, त्यामुळे या शनिवारी दुसरं काही लिहिणं शक्यच नव्हतं.

आधी घराची ओळख. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात गॅरी नावाचं पोलादाचं गाव आहे. आपल्याकडच्या भिलाई-जमशेदपूरसारखं, म्हणजे गाव आधी की कारखाना आधी हा प्रश्नच नाही. तिथे जो जॅक्सन नावाचा गृहस्थ पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा. दोन खोल्यांचं घर आणि नऊ मुलं. या माणसाने मुलांना उभं करून, दमदाटी करून, तालमी करवून 'जॅक्सन ५' तयार केलं आणि आख्खं कुटुंब गॅरीतून उचलून लॉस एंजेलिसला नेलं. जॅनेट म्हणजे या घरातलं शेंडेफळ, जन्म १६ मे १९६६. तिला कळायला लागलं तेव्हा भाऊ आधीच जगप्रसिद्ध झाले होते. सातव्या वर्षी ती लास व्हेगासच्या रंगमंचावर भावंडांबरोबर उभी होती, अकराव्या वर्षी 'गुड टाइम्स' या टीव्ही मालिकेत काम करत होती. हे सगळं तिने ठरवलेलं नव्हतं. घरात तेच चालायचं, म्हणून तीही तेच करत होती.

एक तपशील तिने पुढे अनेकदा सांगितला आहे. लहानपणी ती एकदा वडिलांना 'डॅड' म्हणाली, तर त्यांनी तिला थांबवलं: मी तुला जोसेफ. त्या घरात बाबा नव्हतेच, मॅनेजर होता. मायकलने १९९३ साली ऑप्रा विन्फ्रीच्या मुलाखतीत वडिलांच्या माराबद्दल जाहीरपणे सांगितलं तेव्हा जगाला धक्का बसला. जॅनेटची ही 'जोसेफ'ची गोष्ट त्यापुढे साधी वाटते, पण मला तीच जास्त टोचते. मार निदान मार म्हणून ओळखता तरी येतो.

जोसेफने धाकटीचा करार 'ए अँड एम' या रेकॉर्ड कंपनीशी केला. १९८२ साली पहिला अल्बम आला, तिच्याच नावाचा. १९८४ साली दुसरा, 'ड्रीम स्ट्रीट'. दोन्ही मी मुद्दाम बसून ऐकले. वाईट आहेत असं म्हणणार नाही. गोड आहेत, चकचकीत आहेत, आणि गाणारी व्यक्ती बदलली तरी काही बिघडणार नाही असे आहेत. 'ड्रीम स्ट्रीट'मध्ये तर एवढे स्वयंपाकी आहेत की विचारू नका: डिस्कोवाले जॉर्जिओ मोरोडर आहेत, भाऊ मार्लन आहे, मिनिआपोलिसचा गिटारवाला जेसी जॉन्सन आहे आणि एका द्वंद्वगीतात चक्क क्लिफ रिचर्ड आहेत. (हे गृहस्थ १९४० साली लखनौला जन्मले. जगात कुठेही जा, कुणीतरी आपल्याकडचं निघतंच.) ज्याच्या-त्याच्या फोडणीचा वास वेगळा येतो, पदार्थ कुठला ते कळत नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम १४७ व्या क्रमांकापलीकडे गेला नाही.

त्याच वर्षी, अठरा वर्षांची असताना, जॅनेटने घरच्यांना न सांगता जेम्स डिबार्ज या गायकाशी लग्न केलं. तोही एका गाणाऱ्या कुटुंबातलाच. वर्षभरात ते लग्न रद्दबातल झालं आणि ती परत आईवडिलांच्या घरी. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी हिशोब असा: दोन पडलेले अल्बम, एक मोडलेलं लग्न, आणि कामाचं काय ते ठरवणारा जोसेफ. यानंतर तिने जे केलं ते तिच्या गाण्यांपेक्षाही मला मोठं वाटतं. तिने वडिलांना मॅनेजर पदावरून काढून टाकलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, अमेरिकेत मुलं अठराव्या वर्षी घर सोडतात. जॅक्सनांच्या घरात तसं नव्हतं. तिथे धंदा, घर आणि नातं एकाच वायरिंगवर होतं, एक बटण बंद केलं की तिन्हीकडे अंधार. मायकलने काही वर्षं आधी हेच केलं होतं, पण त्याच्या पाठीशी तोवर 'ऑफ द वॉल' होता. हिच्या पाठीशी १४७ वा क्रमांक होता. आपल्याकडे बारावीनंतर कुठला फॉर्म भरायचा हे वडिलांना न विचारता ठरवलेले किती जण तुमच्या ओळखीत आहेत, मोजून बघा. माझ्या ओळखीत दोन आहेत, आणि त्यातला एक मी नाही.

ए अँड एममध्ये जॉन मॅक्लेन नावाचा अधिकारी होता. त्याने तिला सांगितलं की मिनिआपोलिसमधल्या दोन माणसांना भेट: जिमी जॅम आणि टेरी लुईस. कायम सूट, काळा चष्मा आणि हॅट घालणारी ही जोडगोळी. दोघंही प्रिन्सने उभ्या केलेल्या 'द टाइम' या बँडमध्ये होते, आणि १९८३ साली प्रिन्सनेच त्यांना हाकललं होतं. कारण ऐकण्यासारखं आहे. दौरा चालू असताना हे दोघं सुट्टीच्या दिवसात गुपचूप अटलांटाला जाऊन 'एस.ओ.एस. बँड' नावाच्या दुसऱ्या मंडळींची गाणी करत होते. अटलांटात नेमकी हिमवृष्टी झाली (अटलांटात!), विमानं अडकली आणि सॅन अँटोनिओचा कार्यक्रम चुकला. थोडक्यात काय, मूनलायटिंग करताना पकडले गेले. नोकरी गेली, पण त्या चोरून केलेल्या गाण्यांपैकी 'जस्ट बी गुड टू मी' जोरात चाललं आणि दोघांचा स्वतःचा धंदा सुरू झाला. आयटीत हे वाचून ज्यांच्या डोळ्यांत चमक आली असेल त्यांना मी ओळखतो.

जॅम आणि लुईस यांची अट एकच होती: काम आमच्या गावात होईल आणि घरचं कुणी येणार नाही. जोसेफ राजी नव्हता. आपल्या मुलीचा आवाज प्रिन्ससारखा व्हायला नको असं त्याचं म्हणणं होतं, असं जॅम यांनी नंतर अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. १९८५ च्या उत्तरार्धात जॅनेट एका मैत्रिणीला घेऊन मिनिआपोलिसला पोचली. लॉस एंजेलिसचं ऊन, नोकरचाकर, अंगरक्षक, सगळं मागे राहिलं.

आणि आता माझा आवडता भाग. पहिले काही दिवस स्टुडिओत काही घडलंच नाही. सिनेमे, क्लब, गाडीतून गावभर भटकंती आणि गप्पा, गप्पा, गप्पा. घरी कसं असतं, लग्नाचं काय झालं, तुला कशाचा राग येतो. शेवटी जॅनेटनेच विचारलं की आपण कामाला कधी लागणार? तेव्हा त्यांनी एक कागद तिच्यापुढे ठेवला. त्यावर 'कंट्रोल' या गाण्याचे शब्द होते. ती चकित झाली, कारण हे सगळं तर आपण गेले चार दिवस बोलत होतो तेच! ते म्हणाले, हो, काम कधीच सुरू झालंय. तोपर्यंत तिला कुणी विचारलंच नव्हतं. गाणी तयार होऊन यायची, ती गायची आणि घरी जायची.

आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट गोळा करणं म्हणतात, आणि सगळ्यात जास्त बोंब तिथेच असते. मी एका प्रकल्पावर आठ महिने असा स्क्रीन बनवला आहे, जो वापरणाऱ्या बाईंना एकदाही कुणी भेटलं नव्हतं. कंपनीचं नाव विचारू नका. स्क्रीन सुंदर होता. 'ड्रीम स्ट्रीट'सुद्धा सुंदरच आहे.

असो. अल्बमकडे येऊ.

पॉप गायिका 'मोठी झाली', तिचा आवाज 'परिपक्व' झाला असं जेव्हा लिहितात, तेव्हा बहुतेक वेळा तीनांपैकी एक गोष्ट झालेली असते. गाणी संथ झालेली असतात, व्हायोलिनं वाढलेली असतात, किंवा कपडे कमी झालेले असतात. 'कंट्रोल'मध्ये यातलं काहीच नाही (शेवटची दोन गाणी संथ आहेत, त्यांच्याकडे येतोच). उलट हा अल्बम आधीच्या दोन्हींपेक्षा कडक आहे. ड्रम मशीनचे फटके समोर, अगदी तोंडावर. बाकी वाद्यं कमी, आणि जी आहेत ती तुटक वाजतात. कारखान्यात पत्रा कापल्यासारखा आवाज अधूनमधून येतो. गॅरीच्या पोलाद कारखान्याशी याचा संबंध लावायचा मोह होतो, पण तो आवाज मिनिआपोलिसचा आहे. प्रिन्सच्या गावात तेव्हा सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांचंच राज्य होतं.

'नॅस्टी' हे गाणं घ्या. त्यातले ते विचित्र, खरखरीत आवाज 'एन्सोनिक मिराज' नावाच्या कीबोर्डवजा यंत्रातून आलेले आहेत. हे त्या वेळचं स्वस्त सँपलर, म्हणजे खरा आवाज साठवून कळफलकावर वाजवणारं यंत्र. त्याच कामाची बडी यंत्रं तेव्हा घराच्या किमतीत मिळायची, हे दोन हजार डॉलरच्या आत. कारण सरळ आहे: मिराज आठ बिटांचं होतं. एका नमुन्याला आठ बिट म्हणजे २५६ पायऱ्या. सीडीला सोळा बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. गुळगुळीत लाट २५६ पायऱ्यांत बसवली की तिला कंगोरे येतात, कानाला वाळूसारखं काहीतरी लागतं. तज्ज्ञांच्या लेखी हा दोष. जॅम यांनी यंत्राबरोबर आलेलेच आवाज उचलले आणि त्या वाळूवर आख्खं गाणं उभं केलं. गाणंही त्याला साजेसंच. मिनिआपोलिसच्या हॉटेलबाहेर काही टपोरी पोरं तिच्या मागे लागली, अचकटविचकट बोलली. आजवर अशा वेळी अंगरक्षक पुढे व्हायचे. इथे अंगरक्षक नव्हते. ती जॅम किंवा लुईसकडे धावली नाही, उलटी वळली आणि त्यांनाच सुनावलं. त्याचं गाणं झालं. गुळगुळीत आवाजात ते झालंच नसतं.

दुसरी गोष्ट तिच्या गळ्याची. जॅनेटचा आवाज लहान आहे, हे तिच्या भक्तांनीही मान्य करावं. १९८६ साली अमेरिकेत व्हिटनी ह्यूस्टनचा पहिला अल्बम कित्येक आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. त्या गळ्याशी स्पर्धा करायला गेली असती तर जॅनेटचं हसंच झालं असतं. जॅम आणि लुईस यांनी तिला वरच्या पट्टीत ओढलं नाही. गाणी बोलण्याजवळ आणली. पहिलं गाणं तर सुरूच बोलण्याने होतं: ती शांतपणे सांगते की ही ताब्याची गोष्ट आहे आणि ताबा माझा आहे. मग तिच्याच आवाजाचे थरावर थर चढवून मागचा कोरस केलाय. नीट ऐका, त्या गर्दीत तिच्याशिवाय फारसं कुणी सापडत नाही. लहान आवाजाची माणसं एकत्र आल्यावर जसा घोष होतो तसं ते ऐकू येतं, फक्त इथे सगळी माणसं तीच आहे.

'व्हॉट हॅव यू डन फॉर मी लेटली' या गाण्याचा जन्म जवळजवळ अपघाताने झाला. अल्बम होत आला होता. मॅक्लेन ऐकून म्हणाला, उत्तम, फक्त अजून एक झणझणीत गाणं हवं. (डेडलाइनला आलेला हा चेंज रिक्वेस्ट ज्याने ऐकला नाही तो इंजिनिअर नव्हे.) जॅम-लुईस यांनी स्वतःच्या अल्बमसाठी राखून ठेवलेली एक चाल तिला देऊन टाकली. शब्द तिच्या मोडलेल्या लग्नावर बेतले गेले. तेच गाणं सगळ्यात आधी बाजारात आलं आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. मग 'नॅस्टी' तिसऱ्या, 'व्हेन आय थिंक ऑफ यू' पहिल्या, 'कंट्रोल' पाचव्या, 'लेट्स वेट अव्हाईल' दुसऱ्या. एकाच अल्बममधली पाच गाणी पहिल्या पाचात. जुलै १९८६ मध्ये अल्बम स्वतः पहिल्या क्रमांकावर. पुढच्या वर्षीच्या ग्रॅमीत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठी नामांकन मिळालं, पण तो पॉल सायमनच्या 'ग्रेसलँड'ने नेला. सर्वोत्तम निर्मात्याचं ग्रॅमी मात्र जॅम आणि लुईस यांना मिळालं. अंगावर जॅनेटची गोष्ट, हातात बक्षीस त्यांच्या, हे मला थोडं खटकतं.

खटकतं म्हणून थोडं खोलात जातो. हा 'कंट्रोल' नक्की कुणाचा? चाली दोघा पुरुषांच्या. वर मॅक्लेन, ज्याने गाणीच नव्हे तर तिचा आहार आणि व्यायामही आखला होता. एका पुरुषाच्या हातून सुटून ती तिघांच्या हातात गेली असं म्हणणारे लोक तेव्हाही होते आणि आजही आहेत. मी अल्बमची श्रेयनामावली काढून बसलो. नऊ गाणी आहेत. त्यातल्या सातांच्या लेखनात जॅनेटचं नाव आहे. 'द प्लेझर प्रिन्सिपल' हे 'द टाइम'मधल्याच मॉन्टी मॉयरचं, आणि 'ही डझन्ट नो आय'म अलाइव्ह' हे आणखी एका बाहेरच्या लेखकाचं. या दुसऱ्या गाण्यात ऑफिसातली मुलगी लांबून झुरत बसते, त्यामुळे ते चुकून 'ड्रीम स्ट्रीट'मधून इकडे आल्यासारखं वाटतं. शिवाय सहनिर्माती म्हणूनही तिचं नाव आहे. श्रेयनामावली पुष्कळदा खोटं बोलते हे मान्य. पण इथे फरक कानाला कळतो. जिथे तिचं नाव नाही त्या दोनांपैकी एक तरी गाणं दुसऱ्या कुणीही गायलं असतं तरी चाललं असतं. उरलेली सात तिच्याशिवाय कुणाच्या तोंडी शोभत नाहीत.

संथ गाण्यांचं राहिलं. 'लेट्स वेट अव्हाईल' ही विशीतल्या मुलीने प्रियकराला घातलेली समजूत आहे: इतक्यात नको, थोडं थांबू. पॉप गायिका मोठी झाल्याची जाहिरात करायची तर नेमकं याच्या उलट गाणं करायची रीत आहे. 'थांब' म्हणणं हाही ताबाच आहे, आणि ते तिने ओरडून नाही, जवळजवळ कुजबुजून म्हटलंय. शेवटचं 'फनी हाऊ टाइम फ्लाइज' मला कंटाळवाणं वाटतं. छान झोप लागते, एवढं सांगतो आणि पुढे जातो.

'द प्लेझर प्रिन्सिपल' तिचं नसूनही तिचं झालं ते व्हिडिओमुळे. १९८७ सालचा हा व्हिडिओ यूट्यूबवर आहे, जरूर बघा. रिकामं गोदाम, आरसा, एक खुर्ची. जीन्स, काळा टी-शर्ट, गुडघ्यांना पॅड. सुमारे चार मिनिटं ही मुलगी जवळजवळ एकटी नाचते, मागे नर्तकांची फौज नाही, भाऊ नाहीत. खुर्चीच्या पाठीवर पाय देऊन ती खुर्ची आडवी करत उतरते तो क्षण मी पाव वेगाने पाहिलाय. तोल कधी जातो ते तरीही सापडत नाही.

यूट्यूबचं नाव निघालंच आहे तर हेही. २००४ च्या सुपर बोलमध्ये जस्टिन टिंबरलेकबरोबर गाताना तिचा पोशाख फाटला तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी जावेद करीम यांनी सांगितलंय की ती क्लिप इंटरनेटवर सहज सापडत नव्हती, आणि असं संकेतस्थळ हवं या विचारामागे ते एक कारण होतं. म्हणजे आपण रोज जे तासन्‌तास उघडून बसतो त्याच्या मुळाशी कुठेतरी ही बाई आहे. त्या प्रसंगानंतर टिंबरलेकची गाडी व्यवस्थित चालू राहिली, हिची गाणी मात्र कित्येक रेडिओ आणि टीव्ही वाहिन्यांवरून गायब झाली. ताबा एकदा मिळवला की कायमचा आपला, असं काही नसतं हे तिला तेव्हा ३७ व्या वर्षी पुन्हा शिकावं लागलं.

जोसेफ २०१८ साली गेला. त्याच्याबद्दल एका शब्दात निकाल देणं मला जमत नाही. क्रेन चालवणाऱ्या त्या माणसाने जिद्द केली नसती तर ही मुलगी गॅरीतच राहिली असती, आणि त्याला बाजूला केलं नसतं तर ती 'ड्रीम स्ट्रीट'वरच राहिली असती. दोन्ही वाक्यं खरी आहेत. १९९३ साली तिने पाचवा अल्बम काढला. त्याचं नाव फक्त 'जॅनेट', आणि पुढे पूर्णविराम. आडनाव नाही.

पण त्याही आधीची एक गोष्ट राहिली. 'कंट्रोल' लाखोंनी खपल्यावर कंपनीला साहजिकच त्याचा दुसरा भाग हवा होता. विषयही त्यांनीच सुचवला: तुझं घर, तुझं कुटुंब, आतल्या भानगडी. जॅक्सनांच्या घरातल्या भानगडी तेव्हा सोन्याच्या भावाने विकल्या गेल्या असत्या. तिने नाही म्हटलं, पुन्हा मिनिआपोलिसला गेली आणि त्याच दोघांबरोबर वर्णभेद, निरक्षरता, अमली पदार्थ अशा विषयांवर अल्बम करायला घेतला. नाचायच्या रेकॉर्डवर निरक्षरता! कंपनीच्या लोकांना घाम फुटला असणार. तो 'रिदम नेशन १८१४' या नावाने १९८९ च्या सप्टेंबरमध्ये आला आणि त्यातली सात गाणी अमेरिकेत पहिल्या पाचात गेली. तेव्हा ती २३ वर्षांची होती.